पेटीतल्या बाळाच्या रक्तात जंतू शिरतात तेव्हा

"सिस्टर, आज ही काहीतरी वेगळीच वाटतेय."

पेटीशेजारी बसलेल्या आईने हे सांगितलं तेव्हा मॉनिटरवरचे सगळे आकडे बरे होते. बाळ अकरा दिवसांचं, वजन १,१०० ग्रॅम. मी पेटीच्या खिडकीतून हात घातला. कालपर्यंत लंगोट बदलताना ही पोरगी पाय झाडायची, तोंड वेडंवाकडं करायची. आज पाय उचलून सोडला तर तसाच खाली पडला. पोट कोमट, तळपाय गार. नळीने दिलेलं दूध तीन तासांनी पाहिलं, तर बरंचसं पोटात तसंच पडून. यातली एकेक गोष्ट सुटी पाहिली तर किरकोळ. तिन्ही एकदम दिसल्या आणि माझ्या पोटात गोळा आला.

डॉक्टर आले, रक्त कल्चरला, म्हणजे त्यात जंतू वाढतो का ते बघायला, गेलं, तासाभरात अँटिबायोटिक सुरू झालं. चौदाव्या तासाला लॅबमधून फोन आला: बाटलीत जंतू वाढतोय, ग्राम-निगेटिव्ह आहे. पुढच्या दिवशी त्याचं नाव कळलं, क्लेबसिएला.

नवजात अतिदक्षता विभागात, म्हणजे एनआयसीयूत, काम करताना मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती याच आजाराची. फाइलमध्ये 'लेट ऑनसेट सेप्सिस' असं लिहितात. आईवडिलांना 'रक्तात इन्फेक्शन झालंय' एवढंच सांगितलं जातं आणि राउंड पुढच्या पेटीकडे जातो. मागे उरलेल्या दोन माणसांच्या डोक्यात काय काय चालू असतं, ते मी रोज बघते. हा लेख त्यांच्यासाठी.

७२ तासांची रेघ

नवजात बाळांच्या रक्तातल्या संसर्गाचे दोन भाग करतात. जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांत दिसतो तो लवकरचा, त्यानंतर दिसतो तो उशिराचा. काही ठिकाणी, काही जंतूंच्या बाबतीत, ही रेघ सात दिवसांवर आखतात. रेघ कुठेही आखली तरी ती आखण्याचं कारण एकच: जंतू कुठून आला याचा अंदाज बांधता यावा. लवकरचा संसर्ग बहुतेक वेळा प्रसूतीच्या आधी किंवा प्रसूती होताना आईच्या जन्ममार्गातून आलेला असतो. उशिराचा संसर्ग बाळाला जगात आल्यावर मिळतो आणि बाळ रुग्णालयात असेल तर तो रुग्णालयातच मिळतो. आमच्या हातांवरून, शिरेत घातलेल्या नळीतून, श्वासाच्या यंत्रात साठलेल्या ओलाव्यातून, कधी बाळाच्या स्वतःच्या आतड्यातून.

हे लिहिताना जड जातं, पण लिहायलाच हवं. कारण आया मला विचारतात, "माझ्या दुधातून गेलं का? गरोदरपणात माझंच काही चुकलं का?" अकराव्या दिवशी क्लेबसिएला वाढला तर त्याचं उत्तर आईच्या गरोदरपणात शोधायचं नसतं. आधी आम्ही आमच्याकडे बघायचं असतं.

कोणत्या बाळांना याचा धोका जास्त? जितकं बाळ लहान आणि जितकं लवकर जन्मलेलं, तितका जास्त. अमेरिकेतल्या नवजात विभागांच्या एका मोठ्या संशोधन-जाळ्याने १९९८ ते २००० या काळातल्या दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांची माहिती गोळा केली होती. पहिले तीन दिवस पार केलेल्या बाळांपैकी २१ टक्के बाळांना, म्हणजे पाचातल्या एकाला, पुढे कधी ना कधी हा संसर्ग झाला. संसर्ग झालेल्यांपैकी १८ टक्के बाळं गेली, न झालेल्यांपैकी ७ टक्के. तेव्हापासून पुष्कळ विभागांनी हे प्रमाण खाली आणलंय, पण लहान बाळाला धोका जास्त हे गणित तसंच आहे.

तटबंदी अर्धवट असताना

पूर्ण दिवसांचं बाळ आईकडून शिदोरी घेऊन येतं. आईच्या रक्तातल्या संरक्षक प्रथिनांपैकी आयजीजी हे वारेतून बाळाकडे जातं, आणि त्यातला मोठा वाटा शेवटच्या तीन महिन्यांत जातो. २६ आठवड्यांना जन्मलेल्या बाळाच्या वाट्याला ती शिदोरी आलेलीच नसते. पांढऱ्या पेशी असतात, पण त्यांचा राखीव साठा तुटपुंजा. जंतूंनी जोर केला की तो बघता बघता संपतो.

त्वचेचंही तसंच. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाची त्वचा ओल्या पातळ कागदासारखी असते, खालच्या शिरा दिसतात. चिकटपट्टी जोरात ओढली तर वरचा थर तिच्याबरोबर निघून येतो. आपल्या त्वचेचा जो बाहेरचा कडक थर जंतूंना अडवतो, तो या बाळांच्या अंगावर जेमतेम तयार झालेला असतो. जन्मानंतर दोन ते चार आठवड्यांत तो बराच सुधारतो. म्हणजे सर्वांत जास्त सुया, चिकटपट्ट्या आणि नळ्या ज्या दिवसांत लागतात, नेमक्या त्याच दिवसांत त्वचा सर्वांत कच्ची असते.

आणि नळ्यांशिवाय चालत नाही. १,१०० ग्रॅमच्या बाळाचं पोट पहिल्या आठवड्यात पुरेसं दूध झेपवत नाही, म्हणून पोषण थेट रक्तात द्यावं लागतं. ते द्रावण इतकं तीव्र असतं की हातापायाच्या बारीक शिरेत दिलं तर शीर जळते. म्हणून नाळेच्या शिरेतून, किंवा हातातून-पायातून आत सरकवत थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत एक दोऱ्याइतकी बारीक नळी नेतात. हीच सेंट्रल लाईन. बाळ तिच्यावर जगतं. आणि जंतूंना बाहेरून थेट रक्तात नेणारा रस्ताही तीच.

या नळीचं बाहेरचं टोक, जिथे सिरिंज जोडतो ते तोंड, मला डोळ्यांत तेल घालून जपावं लागतं. दिवसातून कितीतरी वेळा ते उघडतं: औषध द्यायला, सलाईन बदलायला. प्रत्येक वेळी आधी ते अल्कोहोलच्या पुसणीने घासायचं, नुसतं फिरवायचं नाही, मोजून १५ सेकंद घासायचं, आणि मग वाळू द्यायचं. हे वाळू देणं सर्वांत अवघड. शेजारच्या पेटीचा अलार्म वाजत असतो, हातात औषध तयार असतं आणि दहा-पंधरा सेकंद नुसतं थांबायचं असतं. अल्कोहोल वाळताना जंतू मरतात. ओल्यावरच सिरिंज जोडली तर घासण्याचं अर्धं काम वाया.

तेवढ्यात एखादा जंतू आत गेला तर? आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर राहणारा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस घ्या. एरवी हा निरुपद्रवी. पण प्लास्टिक सापडलं की त्याला चिकटतो आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर विणतो. नदीतल्या दगडावर हात फिरवला की जो निसरडा थर लागतो, तसलाच प्रकार. त्याला बायोफिल्म म्हणतात. या थराच्या आत बसलेल्या जंतूंपर्यंत अँटिबायोटिक नीट पोचत नाही. औषध चालू असताना बाळ सुधारतं, थांबवलं की पुन्हा बिघडतं. कारण जंतू नळीत घर करून बसलेला असतो.

त्वचेवरच्या या जंतूचा संसर्ग बहुधा सावकाश चढतो, त्यामुळे हातात थोडा वेळ मिळतो. क्लेबसिएला, ई. कोलाय, स्यूडोमोनास, अ‍ॅसिनेटोबॅक्टर ही मंडळी वेगळी. यांना ग्राम-निगेटिव्ह म्हणतात. त्यांच्या बाहेरच्या आवरणातच असं विष असतं की काही तासांत बाळाचा रक्तदाब कोसळू शकतो. यातले काही आधी आतड्यात मुक्काम करतात आणि तिथून रक्तात उतरतात. काहींना ओलावा आवडतो. २०१२ च्या सुरुवातीला उत्तर आयर्लंडमधल्या नवजात विभागांत स्यूडोमोनासने बाळं दगावली. माग काढत तपासणी पोचली नळांपर्यंत. पाण्याची धार सरळ पडावी म्हणून नळाच्या तोंडाशी बसवलेल्या भागात जंतूंनी थर धरला होता. ज्या नळाखाली हात स्वच्छ करायचे, त्याच नळात. तेव्हापासून बेसिनकडे मी वेगळ्या नजरेने बघते: पाणी शिंतोडे उडवतंय का, बेसिनच्या काठावर कुणी सिरिंज ठेवलीय का, दूध तयार करायची जागा त्याच्या किती जवळ आहे.

ताप येत नाही, बाळ गप्प होतं

मोठ्या माणसाला संसर्ग झाला की ताप येतो, थंडी वाजते. कमी दिवसांच्या बाळाला ताप येईलच असं नाही. उलट ते गार पडतं. पेटीचं तापमान वाढवावं लागतंय हीच कधी कधी पहिली खूण असते. काल दोनदा श्वास घ्यायला विसरलेलं बाळ आज सकाळपासून सहा वेळा विसरतं. ठोके अधूनमधून खाली येतात. ऑक्सिजन थोडा वाढवावा लागतो. दूध पचत नाही, पोट फुगतं. रंग उतरतो, कातडीवर संगमरवरासारखी जाळी दिसते. साखर चढते किंवा उतरते. आणि बाळ मलूल होतं.

पंचाईत अशी की यातलं प्रत्येक लक्षण कमी दिवसांच्या बाळात संसर्गाशिवायही दिसतं. म्हणून एका लक्षणावर निदान होत नाही. कालच्या बाळाशी आजच्या बाळाची तुलना करावी लागते. आमच्या पाळ्या बदलतात, डॉक्टर बदलतात. काल, परवा आणि आज तेच बाळ सलग पाहिलेलं माणूस पुष्कळदा एकच असतं, ते म्हणजे आई. तिचं 'वेगळंच वाटतंय' मी नोंदीत वेळ घालून लिहिते.

अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातले हृदयतज्ज्ञ रँडल मूरमन आणि नवजाततज्ज्ञ पामेला ग्रिफिन यांनी हेच 'वेगळं वाटणं' यंत्राला शिकवायचा प्रयत्न केला. धडधाकट बाळाच्या ठोक्यांचा वेग क्षणाक्षणाला थोडा कमीजास्त होत राहतो. संसर्गाच्या आधीच्या काही तासांत हा चढउतार सपाट होतो आणि मधूनच ठोके घसरतात. मॉनिटरवरचा सरासरी आकडा मात्र ठीकच दिसत राहतो. त्यांनी या बदलावरून एक गुणांक काढला. ३,००३ अगदी कमी वजनाच्या बाळांवर केलेल्या चाचणीचा निकाल २०११ मध्ये आला: ज्या बाळांचा गुणांक डॉक्टर-परिचारिकांना दाखवला गेला त्यांच्यात मृत्यू ८.१ टक्के, ज्यांचा झाकून ठेवला त्यांच्यात १०.२ टक्के. यंत्राने बरं कुणालाच केलं नाही. त्याने माणसांना जरा लवकर पेटीकडे वळवलं.

एक मिलीलिटर रक्त

शंका आली की सर्वांत मोलाची तपासणी म्हणजे ब्लड कल्चर. रक्त पोषक द्रव असलेल्या बाटलीत घालतात, बाटली उबदार यंत्रात ठेवतात आणि जंतू वाढतोय का याची वाट बघतात. त्यासाठी किमान १ मिलीलिटर रक्त लागतं. ऐकायला थेंबभर वाटतं. पण एक किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं सुमारे ९० मिलीलिटर. तुमच्या-माझ्या अंगातून एका वेळी पन्नासेक मिलीलिटर काढावं, तसं ते होतं. म्हणून हात आखडतो, अर्धाच मिलीलिटर काढला जातो, आणि रक्तात जंतू विरळ असतील तर ते त्या अर्ध्यात सापडतच नाहीत. नवीन मुलींना मी सांगते, काढायचंच असेल तर पुरेसं काढा. कमी काढून पुन्हा टोचायची वेळ आणू नका.

खरे जंतू बहुतेक वेळा ३६ ते ४८ तासांत वाढतात. कधी त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस वाढतो आणि प्रश्न पडतो की हा रक्तातला की सुई टोचताना कातडीवरून आलेला? जमलं तर दोन वेगवेगळ्या जागांवरून रक्त घेतात ते यासाठी. दोन्हीत तोच निघाला तर खरा असण्याची शक्यता जास्त.

सीआरपी हा शब्द आईवडील पहिल्या आठवड्यातच शिकतात. "आज किती आलं?" असं एकमेकांना विचारतात, वाढलं की रडतात. त्यांना मी सांगते ते इथेही सांगते. सीआरपी हे रक्तातलं एक प्रथिन. ते यकृतात तयार होतं आणि संसर्ग सुरू झाल्यावर चढायला त्याला बारा तास किंवा जास्तही लागतात. अगदी सुरुवातीला ते नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, आणि शस्त्रक्रियेसारख्या इतर कारणांनी वाढलं म्हणून हातपाय गाळायचे नाहीत. दुसऱ्यांदा, चोवीस तासांनी केलेली तपासणी जास्त बोलकी असते.

पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं की घरचे हादरतात. 'कायमचं अधू होईल' असं कुणीतरी कानात सांगितलेलं असतं. तसं होत नाही. सुई मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली घालतात. ही तपासणी टाळू नये, कारण रक्तातला जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला असेल तर औषधाची मात्रा आणि दिवस दोन्ही बदलतात. अगदी कमी वजनाच्या बाळांमध्ये मेंदूज्वर झालेल्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश बाळांच्या रक्ताच्या कल्चरमध्ये काहीच वाढलेलं नसतं, असं आढळलंय. म्हणजे रक्त स्वच्छ आलं म्हणून मेंदूचं आवरण सुरक्षित असं धरता येत नाही. बाळ फार अस्थिर असेल तर एक-दोन दिवस थांबतात, तेही समजून घ्या.

औषध मात्र निकालासाठी थांबत नाही. शंका पक्की झाली की तासाभरात पहिला डोस. बहुधा दोन औषधं एकदम, आणि कोणती ते त्या विभागात आधी कोणते जंतू सापडलेत यावर ठरतं. कल्चरमध्ये जंतूचं नाव आलं की त्याच्यावर नेमकं चालणारं औषध ठेवून बाकीचं काढतात. साधारण ७ ते १४ दिवस, मेंदूज्वर असेल तर आणखी जास्त. क्लेबसिएलासारखा जंतू असेल तर सेंट्रल लाईन काढून टाकतात.

आणि कल्चर ३६-४८ तासांत कोरं आलं, बाळही सुधारलं, तर औषध थांबवायचं. इथे बऱ्याच ठिकाणी पाय अडखळतो. 'राहू दे, पाच दिवस देऊन टाकू' असं म्हणावंसं वाटतं, मलाही वाटतं. पण विनाकारण लांबलेलं अँटिबायोटिक आतड्यातले चांगले जंतू मारतं, बुरशीच्या संसर्गाला वाट करून देतं, आणि विभागात असे जंतू निवडून मागे ठेवतं ज्यांना पुढच्या बाळाच्या वेळी काहीच लागू पडणार नाही. डॉक्टरांनी औषध बंद केलं तर ते दुर्लक्ष समजू नका. विचार करून घेतलेला तो निर्णय असतो.

जे चाललं नाही, जे चाललं

बाळाकडे संरक्षक प्रथिनं कमी, मग ती बाहेरून द्या, हा विचार अगदी सरळ. ३,४९३ बाळांवर तो तपासला गेला आणि २०११ मध्ये निकाल आला: संसर्ग झालेल्या किंवा त्याची शंका असलेल्या बाळांना इम्युनोग्लोब्युलिन दिलं काय, न दिलं काय, मृत्यू आणि मोठ्या अपंगत्वाचं प्रमाण तेवढंच. गाईच्या दुधातलं लॅक्टोफेरिन नावाचं प्रथिन द्यावं, अशीही मोठी आशा होती, लहान चाचण्यांनी ती वाढवली होती. ब्रिटनमध्ये २,२०३ बाळांवर ते करून पाहिलं, २०१९ चा निकाल तोच, फरक नाही. महागडी इंजेक्शनं बाहेरून आणून देण्यासाठी वणवण करणारे वडील मी पाहिलेत. अशा वेळी 'यामागे पुरावा काय?' असं विचारण्यात काहीही वावगं नाही.

चाललं ते साधं आहे. हात. प्रत्येक वेळी, बाळाला शिवण्याआधी आणि शिवल्यानंतर, हातमोजे घालायचे असले तरी. अंगठ्या, घड्याळ, बांगड्या काढून, कोपरापर्यंत बाह्या दुमडून. नळी घालताना ठरावीक पायऱ्यांची यादी, आणि एखादी पायरी चुकली तर काम थांबवायचा परिचारिकेला अधिकार. अमेरिकेत मिशिगनमधल्या १०३ अतिदक्षता विभागांत अशी यादी वापरली गेली, तेव्हा दीड वर्षात नळीतून होणाऱ्या रक्तसंसर्गांत ६६ टक्क्यांपर्यंत घट झाली. ते मोठ्यांचे विभाग होते. नवजात विभागांनी ती पद्धत उचलली, थोडी बदलली. मोठ्यांची त्वचा पुसायला वापरतात ते क्लोरहेक्सिडिन अगदी कच्च्या त्वचेला भाजू शकतं, म्हणून तिथे जपून.

आईचं दूध. पहिलं पिवळं घट्ट दूध थेंबभर निघालं तरी ते गालाच्या आतल्या बाजूला लावायला आम्ही मागतो. त्यात आतड्याच्या आतून लेप बसवणारं आयजीए असतं, चांगल्या जंतूंचं खाद्य असतं. आणि दूध जितक्या लवकर पूर्ण सुरू होतं, तितक्या लवकर सेंट्रल लाईन निघते. दुधाचा हा दुसरा फायदा आयांना कुणी सांगत नाही.

आणि कांगारू केअर. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगार रे यांनी कमी वजनाची बाळं आईच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. पेट्या कमी होत्या, एकेका पेटीत एकापेक्षा जास्त बाळं ठेवावी लागत आणि एकाचा संसर्ग दुसऱ्याला होई. गैरसोयीतून निघालेला तो तोडगा होता. २०२१ मध्ये पाच देशांतल्या ३,२११ बाळांच्या चाचणीत, बाळ स्थिर होण्याची वाट न बघता लगेच आईच्या छातीशी दिलं, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. सेप्सिसची शंका आलेली बाळंही त्या गटात कमी होती. आईच्या त्वचेवरचे जंतू बाळाच्या अंगावर आधी वस्ती करतात, आणि रुग्णालयातल्या जंतूंना जागा उरत नाही, असा त्यामागचा एक अंदाज आहे.

'बाहेरची माणसं आत नकोत' म्हणून आईलाच काचेबाहेर उभं करणारे विभाग अजून आहेत. मीही पूर्वी ते केलंय, संसर्ग टाळतोय अशी माझी खात्री होती. त्या आयांची आठवण आली की आजही वाईट वाटतं.

त्या अकरा दिवसांच्या मुलीची लाईन त्याच दिवशी काढली. पाठीतलं पाणी स्वच्छ आलं. १४ दिवस औषध चाललं. मधले चार दिवस ती व्हेंटिलेटरवर होती, पाचव्या दिवशी तिने माझं बोट धरलं. पोषणासाठी पुन्हा एक नवी लाईन घालावी लागली. तेव्हा तिच्या आईला मी सांगितलं, रोज राउंडला एकच विचारा: "ही नळी आज लागतेच का?"

ती विचारू लागली. पहिल्या दिवशी आवाज फुटत नव्हता. नंतर नंतर डॉक्टर पेटीजवळ आले की ती विचारायच्या आधी तेच म्हणायचे, "आज अजून लागतेय, दूध वाढू दे." एकतिसाव्या दिवशी त्यांनी फाइल पाहिली, दुधाचा हिशेब केला आणि म्हणाले, "आज काढू." मी नळी हळूहळू, एकेक सेंटीमीटर बाहेर ओढली, पट्टीवर ठेवून घातलेल्या लांबीशी ताडून पाहिली. पुरी होती. आईने कोपरापर्यंत हात धुतले, वाळवले, आणि त्या टिकलीएवढ्या जागेवर गॉज धरून ठेवलं.